अठ्ठ्याण्णव की एक्सपी?

गेले दोन महिने डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. विंडोज ९८ टाकायचं की एक्सपी?

हसू नका. बायको म्हणालीच, "दोन्हीपैकी एकही आता कोणी वापरत नाही, मग त्यात ठरवायचंय काय?" मुद्दा बिनतोड होता. पण बिनतोड मुद्द्यांनी प्रश्न सुटले असते तर आणखी काय हवं होतं!

तर झालं असं, की मार्चमध्ये पुण्याहून पुतण्याचा फोन आला. वय वर्षं तेरा. "काका, तू आणि बाबा लहानपणी कुठले गेम खेळायचात?" मी आपला सुटलो. डेव्ह, प्रिन्स, रोड रॅश, क्लॉ, एज ऑफ एम्पायर्स... तो म्हणाला, "दाखव ना." आणि मी बोलून गेलो, "मे महिन्यात ये. आपला जुना कॉम्प्युटर चालू करून ठेवतो."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तो कॉम्प्युटर मी पंधरा वर्षांत बघितलेलासुद्धा नाही.

कॉम्प्युटर १९९९ चा. बाबांनी सोसायटीचं कर्ज काढून राजारामपुरीतल्या एका दुकानातून असेंबल करून आणलेला. सेलेरॉन ४००, ६४ एमबी रॅम, सव्वासहा जीबीची हार्ड डिस्क. मॉनिटर रिक्षात बाबांच्या मांडीवर बसून घरी आला. आजीनं त्याला हळदकुंकू लावलं, आईनं जुन्या पडद्याचं कव्हर शिवलं, आणि पहिलं वर्षभर त्या खोलीत चप्पल घालून जायला बंदी होती. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या घरी हेच झालं असणार, त्यामुळे जास्त सांगत नाही.

आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या बाजूला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४३ फूट), तेव्हा आमचा तळमजला छातीइतक्या पाण्यात होता. फ्रिज गेला, कपाटं गेली, बाबांची सगळी पुस्तकं गेली. गंमत बघा, जे जपून कपाटात ठेवलं होतं ते गेलं, आणि अडगळ म्हणून माळ्यावर फेकलेलं तेवढं वाचलं. त्यात हा कॉम्प्युटर.

माळ्यावरून खाली काढला. कॅबिनेटचा पांढरा रंग पार पिवळा पडलेला. आत झुरळांचा संसार. राजारामपुरीत एका दुरुस्तीवाल्याकडं नेला तर तो म्हणाला, "भावा, हे टाऊन हॉलच्या म्युझियमला दे. तिथं रांगेत बसंल." पण पठ्ठ्यानं काम मात्र मनापासून केलं. नवा एसएमपीएस बसवला, मदरबोर्डवरचा बटण सेल बदलला, रॅमची सोनेरी टोकं खोडरबरनं घासली (हा इलाज अजून चालतो!), आणि बटण दाबल्यावर एक बारीकसा बीप आला. मला एकदम गलबलून आलं. तोवर सेल नसल्यामुळं मशीन म्हणत होतं की आज १ जानेवारी १९९९ आहे. मला क्षणभर ते खरं वाटलं.

आता मुख्य प्रश्न. ऑपरेटिंग सिस्टिम कुठली?

जुनी हार्ड डिस्क काढून ठेवायची हे आधीच ठरलं होतं. ती का, ते पुढं सांगतो. तिच्या जागी कॅमेऱ्यात पूर्वी असायचं तसलं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड अडॅप्टर लावून बसवलं. मशीनला ती हार्ड डिस्कच वाटते. पाटी कोरी. तिच्यावर काय लिहायचं?

एक्सपीच्या बाजूनं बोलायचं तर खूप आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेली ही सिस्टिम एनटी घराण्यातली, म्हणजे मुळात ऑफिसच्या कामासाठी बांधलेली. एक प्रोग्राम बसला तर तो एकटाच बसतो, अख्खं घर खाली घेत नाही. पेन ड्राइव्ह खुपसला की ओळखतो. आणि मुख्य म्हणजे मराठी! रीजनल सेटिंगमध्ये ती एक चौकट टिक करायची, मग ती 'आय३८६' फोल्डर असलेली सीडी मागायची, मग ती सीडी मित्राकडं गेलेली असायची... आठवतंय ना? पण एकदा ते सोपस्कार झाले की मंगल फॉन्टमध्ये चक्क युनिकोड मराठी दिसायचं. आपण बऱ्याच जणांनी पहिली पोस्ट तशीच लिहिली आहे.

अठ्ठ्याण्णवची बाजू तशी लंगडी. सेकंड एडिशन १९९९ ची, आणि पाया त्याहून जुन्या डॉसचा. निळ्या स्क्रीनचं तर काय सांगावं! एप्रिल १९९८ मध्ये भर कार्यक्रमात, खुद्द बिल गेट्स स्टेजवर असताना, स्कॅनर जोडला आणि निळा स्क्रीन आला होता. तिथं आपण कोण? ५१२ एमबीच्या वर रॅम दिली तर ही सिस्टिम "मेमरी पुरत नाही" म्हणून रडते. म्हणजे ताटात जास्त वाढलं म्हणून उपाशी राहायचं! १३७ जीबीच्या पुढची हार्ड डिस्क तिला झेपत नाही. पेन ड्राइव्ह लावला तर त्याचा ड्रायव्हर मागते, आणि तो ड्रायव्हर असतो पेन ड्राइव्हमध्ये.

पण अठ्ठ्याण्णवकडं एक गोष्ट आहे जी एक्सपीकडं नाही. खरा डॉस. शट डाऊनच्या खिडकीत 'रीस्टार्ट इन एमएस-डॉस मोड' म्हटलं की विंडोज पूर्ण बाजूला होते आणि मशीन थेट गेमच्या ताब्यात जातं. डेव्ह, प्रिन्स हे गेम त्याच जगातले. ते हार्डवेअरशी थेट बोलतात, मधला मध्यस्थ त्यांना चालत नाही. एक्सपीमध्ये मध्यस्थाशिवाय काहीच होत नाही. ती डॉसचं नुसतं सोंग आणते, आणि मग कधी आवाज फाटतो, कधी गेम अडखळतो. आमच्या मशीनमध्ये तर जुन्या आयएसए स्लॉटमधलं ईएसएस चिपचं साउंड कार्ड, म्हणजे डॉसचं लाडकं लेकरू.

मधल्या दोघांचाही विचार केला. विंडोज मिलेनियममध्ये डॉस आहे पण लपवून ठेवलाय, म्हणजे अठ्ठ्याण्णवचे दोष सगळे आणि गुण अर्धे. विंडोज २००० सज्जन, पण खेळायला बोलवावं असा नाही.

दोन्ही का टाकत नाही, असं कोणी विचारेल. टाकता येतात. आधी अठ्ठ्याण्णव, मग एक्सपी, सुरू करताना विचारतं कुठं जायचं. पण रॅम नंतर वाढवून झालेली १२८ एमबी. तेवढ्यात एक्सपी चालते म्हणजे रंकाळ्यावर रविवारी संध्याकाळी गाडी चालते तशी.

इतकं सगळं गणित मांडल्यावर उत्तर उघड आहे, नाही का? तरी मी दोन महिने अडकलो होतो. त्यात पुतण्यानं मधेच फोन करून सांगितलं, "काका, प्रिन्स तर ब्राउजरमध्ये चालतो. मी खेळलोपण." खरं आहे. इंटरनेट अर्काइव्हनं २०१५ मध्येच डॉसचे हजारो गेम ब्राउजरमध्ये खेळता येतील असे ठेवलेत. "मग तो डबा कशाला पाहिजे?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण खरं उत्तर गेममध्ये नव्हतंच. ते लिहायचं टाळत होतो, पण आता इथवर आलोय तर सांगतो.

दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. कॉम्प्युटर आला तेव्हा तो बारावीत गेलेला, मी दहा वर्षांचा. आमचा नियम असा की आधी त्याचा अर्धा तास, मग माझा. पण त्या वर्षी त्यानं एक वेगळंच काढलं. आजी दुपारी त्याच्या शेजारी स्टुलावर बसायची आणि जात्यावरच्या ओव्या सांगायची. दादा त्या टाइप करायचा. तेव्हा युनिकोड वगैरे कुठलं, शिवाजी नावाचा फॉन्ट होता. कळफलकावर इंग्रजी अक्षरं दाबायची आणि स्क्रीनवर मराठी उमटायचं. आतमध्ये ती इंग्रजीच अक्षरं, फॉन्टनं त्यांना फक्त मराठी चेहरा दिलेला. आजीला त्याचं फार कौतुक. "माझं नाव उमटीव बघू," म्हणायची. दादा २००० मध्ये इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, तरी सुट्टीत आला की पुन्हा दोघं बसायची. सव्वाशेच्या आसपास ओव्या झाल्या होत्या म्हणे. २००१ मध्ये आजी गेली.

२००३ ची दिवाळीची सुट्टी. मी चौदा वर्षांचा. मित्राकडं व्हाइस सिटी बघून आलेलो, आणि कोणीतरी सांगितलं की त्याला एक्सपी लागते. मित्राची सीडी आणली. तेव्हा अख्ख्या गल्लीत एकच सीरियल नंबर चालायचा. दादा दोन दिवसांनी येणार होता. मी फॉरमॅट मारला.

व्हाइस सिटी चाललीच नाही. त्याला ८०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ३२ एमबीचं ग्राफिक्स कार्ड लागायचं. आमचं कार्ड ८ एमबीचं.

दादा आला, कॉम्प्युटर लावला, हिरवं माळरान आणि निळं आभाळ बघितलं. 'माय डॉक्युमेंट्स' उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. मी म्हटलं, "दादा, बघ एक्सपी टाकली." तो म्हणाला, "आजीचं कुठं आहे?"

ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त "असू दे" म्हणाला आणि बाहेर रंकाळ्यावर जाऊन आला. त्यानं एकदा एका फ्लॉपीवर प्रत काढली होती. ती फ्लॉपी तेव्हाच वाचली जात नव्हती, तरी आईनं जपून खालच्या कपाटात ठेवलेली. २०१९ ला ते कपाट पाण्यात गेलं.

आमचं भांडण कधी झालं नाही. दिवाळीला येणं, फोन, वाढदिवस, सगळं व्यवस्थित. पण त्या दिवसापासून त्यानं त्या कॉम्प्युटरला परत हात लावला नाही, आणि ओव्यांचा विषय आमच्या घरात निघाला नाही. वीस वर्षांहून जास्त.

म्हणून ती जुनी हार्ड डिस्क काढून ठेवली होती. फॉरमॅट मारला म्हणजे सगळं पुसतं असं नाही. पुस्तकाची नुसती अनुक्रमणिका फाडल्यासारखं असतं ते. पानं आत असतात, त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. तेव्हा मी डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्या लॅपटॉपवर घेतली आणि हरवलेल्या फायली शोधणारा प्रोग्राम रात्रभर चालवला. सकाळी अकरा हजार तुकडे निघाले. गेममधली चित्रं, अर्धी गाणी, माझा दहावीचा भूगोलाचा प्रकल्प. आजी नव्हती. सव्वासहा जीबीच्या डिस्कवर एक्सपीनंच दीड-दोन जीबी जागा घेतली आणि नंतर पाच-सहा वर्षं मीच वापरत राहिलो. मीच पानापानावर लिहीत गेलो.

त्याच दिवशी ठरवलं. अठ्ठ्याण्णव.

सेकंड एडिशनची सीलबंद सीडी एका जुन्या सामानवाल्याकडं मिळाली, प्रमाणपत्रासकट. आयुष्यात पहिल्यांदा विंडोज ९८ विकत घेतली, तिचा सपोर्ट २००६ मध्ये बंद झाल्यावर! पाऊण तासात इन्स्टॉल झाली. साउंड कार्डच्या ड्रायव्हरसाठी दोन रात्री गेल्या. मग वर्ड ९७. आणि शिवाजी फॉन्ट. खरं तर हा फॉन्ट कुठल्याही विंडोजवर चालतो, त्यासाठी अठ्ठ्याण्णव लागत नाही. एक्सपीला आतून मराठी येत होतं, अठ्ठ्याण्णवला येत नव्हतं. पण आमच्या घरातलं मराठी अठ्ठ्याण्णवमध्ये होतं, त्याला काय करणार?

मे महिन्यात दादा पुतण्याला सोडायला आला. पोरगं चहा-पोहे न खाताच कॉम्प्युटरवर. दादा दारात उभा. स्क्रीनवर ते ढग आले.

"अठ्ठ्याण्णव टाकलंस? एक्सपी का नाही?"

माझ्याकडं तयार उत्तर होतं. डॉस, साउंड कार्ड, १२८ एमबी. ते राहिलं बाजूला. म्हटलं, "तेव्हा तुला विचारायला पाहिजे होतं."

दादा जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "विचारलं असतंस तर नकोच म्हटलो असतो. चौदा वर्षांचा होतास लेका तू." आणि पुतण्याला म्हणाला, "सरक जरा. ती उडी अशी मारत नाहीत."

दुपारभर प्रिन्स चालला. साठ मिनिटांत राजकन्या सोडवायची असते, पुतण्याचा राजपुत्र पहिल्या मजल्यावरच्या खिळ्यांवर अकरा वेळा मेला. दादानं त्याला सांगितलं की जॉर्डन मेकनरनं हा गेम बनवताना आपल्या धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावलं, त्याचं शूटिंग केलं, आणि त्यावरून हा राजपुत्र एकेक चित्र करत काढला. मी म्हटलं, धाकट्यांना राबवायची पद्धत जगभर सारखीच आहे :-)

रात्री जाग आली. कळफलकाची टकटक ऐकू येत होती, जुन्या कळफलकाचा तो जाड आवाज. जाऊन बघतो तर दादा एकटा बसलेला. वर्ड उघडं, शिवाजी फॉन्ट. पंचवीस वर्षांनी त्याची बोटं बरोबर पडत होती. एक ओवी पूर्ण झालेली, दुसरी अर्धी.

"पुढं काय होतं रे?"

मला माहीत नव्हतं. आजी सांगत असायची तेव्हा मीही त्याच खोलीत असायचो. पण मी माझ्या अर्ध्या तासाची वाट बघत असायचो. घड्याळाकडं बघत. हे मी दादाला त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं.

सकाळी गडहिंग्लजला आत्याला फोन लावला. आत्या आता पंच्याहत्तरची. म्हणाली, "फोनवर न्हाई यायच्या. अशा बसून म्हटल्या तर आठवतच न्हाईत. जातं पायजे. हात फिरला की येतात."

पुतण्या फोनला कान लावून ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे एम्युलेटरवर नाही चालत?"

दादा इतका हसला की बोलता येईना. मग त्यालाच उत्तर मिळालं की तो डबा कशाला पाहिजे होता.

रविवारी आम्ही चौघं गडहिंग्लजला जाऊन आलो. आत्याचं जातं परसात तुळशीखाली टेकण म्हणून होतं. उपसून धुतलं, खुंटा नवा ठोकला, पायलीभर जोंधळे घेतले. पहिली पंधरा मिनिटं ती नुसतीच दळत होती. मग तोंड उघडलं. दादानं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. एकोणीस ओव्या मिळाल्या. त्यातल्या किती आजीच्या आणि किती आत्याच्या सासरच्या, हे तिलाही सांगता येईना. सव्वाशे नाहीत. त्या सगळ्या परत येणार नाहीत, हे आता मान्य केलंय. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून बायकांच्या तोंडून गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या 'पारी'च्या संकेतस्थळावर २०१७ पासून येताहेत. दादा हल्ली रात्री त्या चाळत बसतो. म्हणतो, आजीची एखादी तिकडं सापडेल.

आमच्या एकोणीस दादानं अठ्ठ्याण्णववर शिवाजीत टाइप केल्यात, आणि मी लॅपटॉपवर युनिकोडमध्ये. एक प्रत पुण्याला, एक सीडीवर, एक छापून आत्याकडं. आणि छापलेलीच एक माळ्यावर. कोल्हापूरचा अनुभव असा आहे की माळा सगळ्यात भरवशाचा.

तुम्हीही जुनी मशीन काढणार असाल तर तांत्रिक सल्ला एवढाच. डॉसचे गेम असतील तर अठ्ठ्याण्णव सेकंड एडिशन, २००२ च्या पुढचे असतील तर एक्सपी. आणि काहीही टाकायच्या आधी घरात सगळ्यांना एकदा विचारा, यात कोणाचं काही आहे का.

असो. पुतण्या हाक मारतोय. त्याचा अर्धा तास संपला, आता माझा नंबर.